शिष्यवृत्ती फॉर्मच्या आधीच ठरते : बारावीनंतरच्या मुलांना मदत करणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या ठिकाणच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या एका शिक्षकांचा प्रश्न असा आहे : आमच्याकडून बारावी झालेली मुलं पुढे गेली की महाडीबीटीच्या, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या, फॉर्मसाठी माझ्याकडेच येतात. मी फॉर्म भरून देतो, पण कित्येक परत येतात, काही मंजूर होऊनही पैसे खात्यात पडत नाहीत. कुठल्या मुलाला कुठली योजना लागू, हेही दरवेळी नव्याने शोधावं लागतं. यात नीट पद्धत कशी बसवायची?

सर, फॉर्मपासून सुरुवात करू नका. पोर्टल उघडेपर्यंत त्या मुलाला काय मिळणार आणि काय नाही हे बहुतेक ठरून गेलेलं असतं. प्रवेश कुठल्या मार्गाने घेतला, कुठले दाखले हातात होते, बँक खातं कसं जोडलेलं आहे, यावर ते ठरतं. तुमची खरी मदत एप्रिल ते जुलै या काळात लागते. ऑगस्टनंतर जे उरतं ते फक्त टायपिंग.

सगळ्यात महाग पडणारी चूक प्रवेशाच्या वेळी होते. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फी-सवलतीच्या राज्याच्या योजना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, घेतलेल्या प्रवेशाला लागू होतात. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, पण तिथेही हीच अट आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यात बसत नाहीत. होतं काय, की कॅपच्या तिसऱ्या फेरीत दूरचं कॉलेज लागलं म्हणून घरचे जवळच्या कॉलेजात संस्थास्तरावर जागा घेतात आणि चार वर्षांची माफी तिथल्या तिथे जाते. कॉलेजचा माणूस ‘शिष्यवृत्ती होईल’ असं तोंडी सांगतो. तोंडी आश्वासनाला काही अर्थ नाही. अलॉटमेंट लेटरवर प्रवेशाचा प्रकार काय छापला आहे, तेवढंच खरं. पर्याय भरतानाच पालकांना दोन्ही कॉलेजांच्या चार वर्षांच्या खर्चाचं गणित कागदावर मांडून दाखवा.

याच टप्प्यावर टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, जागा बघायच्या. अभियांत्रिकी आणि तत्सम तांत्रिक अभ्यासक्रमांत मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा असतात, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तिथे शिक्षण शुल्क माफ असतं. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो. तो यादीत भरलाच नाही तर ती जागा मिळण्याचा प्रश्नच येत नाही, आणि पुष्कळ मुलं तो भरत नाहीत. जागा कमी असल्याने त्यांचा कटऑफ वर जातो हे खरं, पण यादीत वरती टाकून ठेवण्यात नुकसान काही नाही. अट एकच लक्षात ठेवायची : या जागेवर गेल्यावर पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

‘शंभर टक्के माफी’ म्हटलं की पालकांना वाटतं फी शून्य. तसं नसतं. व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि तिच्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतात. राज्याच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज फी-सवलत योजनेत सवलत शिक्षण शुल्कावर आणि परीक्षा शुल्कावर मिळते. विकास शुल्क, अनामत, बस, मेस हे खिशातून जातं. त्यामुळे प्राधिकरणाने मंजूर केलेली त्या वर्षाची फी आधी बघा आणि मग कॉलेजच्या पावतीशी ताडून पाहा. पावतीवर डोक्यावरून जाणारी चार नावं असतील तर प्रत्येकाचा अर्थ लेखी विचारा. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलाकडून प्रवेशाच्या वेळी माफीची रक्कम आधी भरून घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. हे पालकाने एकट्याने जाऊन सांगण्यापेक्षा तुमच्या सहीच्या पत्रासोबत सांगितलं तर जास्त ऐकलं जातं.

आता कोणाला काय. अनुसूचित जातीच्या मुलांना कुटुंबाचं उत्पन्न २.५ लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीची माफी. अनुसूचित जमातीच्या शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादाही २.५ लाखच, फक्त विभाग आदिवासी विकास. व्यावसायिक अभ्यासक्रमांत नॉन-क्रिमीलेअर दाखला असलेल्या ओबीसी मुलांना शिक्षण शुल्काच्या निम्मी प्रतिपूर्ती, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त) आणि एसबीसीला (विशेष मागास प्रवर्ग) पूर्ण. खुल्या प्रवर्गातल्या, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलांना ८ लाखांच्या आत राजर्षी शाहू योजनेत निम्मी (मुलींची पूर्ण माफी वर सांगितलीच आहे). या योजनेचा लाभ एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळतो, म्हणून तिसऱ्या भावंडाचा फॉर्म भरायला बसण्याआधी रेशनकार्ड बघून घ्या.

इथे एक फसवी जागा आहे. राजर्षी शाहू योजना पोर्टलवर एकाच नावाने अनेक विभागांखाली दिसते : उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण, वैद्यकीय शिक्षण, कृषी. बी.एस्सी.च्या मुलाने तंत्रशिक्षणाखालचा अर्ज निवडला तर तो चुकीच्या कार्यालयात जातो आणि महिनोन्‌महिने पडून राहतो. मुलाचा अभ्यासक्रम ज्या संचालनालयाखाली येतो, त्याच विभागाची योजना निवडायची.

साध्या बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या मुलाला अनुदानित कॉलेजात शिक्षण शुल्क फारसं नसतंच. त्याचं ओझं राहण्या-खाण्याचं असतं, आणि फीच्या योजनांच्या मागे लागून तेच सुटतं. क्रम असा ठेवा : आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज, मग तिथे जागा नाही मिळाली तर निर्वाहाची योजना. अनुसूचित जातीसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० मिळतात. मुलगा ज्या गावचा रहिवासी, तिथल्याच कॉलेजात असेल तर ही योजना नाही. वसतिगृहाचा अर्जच केला नव्हता म्हणून स्वाधार नाकारली गेली, असं वारंवार होतं. त्यामुळे जागा मिळणार नाही हे माहीत असलं तरी वसतिगृहाचा अर्ज करायचा आणि त्याची प्रत जपायची. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्यासाठी अल्पभूधारक असल्याचा दाखला किंवा मजूर नोंदणीचा पुरावा लागतो, आणि तो काढायला वेळ लागतो. विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेची चौकशीही पहिल्याच महिन्यात करायला सांगा. जागा मोजक्याच असतात.

दाखल्यांचं म्हणाल तर उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतर लगेच काढायला लावा. तो मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा असतो आणि पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालतो. फेब्रुवारीत काढलेला दाखला ऑगस्टच्या फॉर्मला उपयोगाचा नाही, हे सेतूमध्ये कोणी सांगत नाही. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे दाखल्याला मुदत बांधलेली आहे, पण निकाल लागल्यावरच्या गर्दीत सर्व्हरच बसतो. दाखला तहसीलदाराचाच हवा. नोकरदार पालकाचा फॉर्म १६ हा त्यासाठीचा पुरावा आहे, दाखल्याच्या जागी तो चालत नाही. आई कमावती असेल तर तिचं उत्पन्नही धरलं जातं. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक पोर्टलवर टाकावा लागतो, म्हणून जुना हस्तलिखित दाखला असेल तर नवीन ऑनलाइन काढून घ्या.

जात पडताळणीचं प्रकरण सर्वांत लांबतं. ज्याला व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं आहे त्याचा पडताळणीचा अर्ज अकरावीत, फार तर बारावीच्या सुरुवातीला जायला हवा. बारावीच्या निकालानंतर अर्ज केला की पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळतो, मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही की मूल खुल्या प्रवर्गात ढकललं जातं, आणि फी-सवलतीचा घोळ तिथून सुरू होतो. तुम्ही कनिष्ठ महाविद्यालयात आहात, तेव्हा हे काम तुमच्याइतकं वेळेवर दुसरं कोणी करू शकत नाही.

आणि नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं, आधारवरचं आणि बँकेतलं नाव अक्षरन्‌अक्षर जुळवून घ्या. ‘भाऊसाहेब’ एकीकडे आणि ‘भाऊ’ दुसरीकडे, जन्मतारखेत दिवस-महिना उलट, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, एवढ्यावर अर्ज अडकतो. दुरुस्ती आधारमध्ये करा, दहावीचं प्रमाणपत्र मूळ धरून.

आता पैसे न पडण्याचा मुद्दा, कारण तुमच्या प्रश्नातला तोच भाग लोकांना सर्वांत कमी कळलेला असतो. पोर्टलवर जो खाते क्रमांक लिहिला असेल त्यावर पैसे जात नाहीत. ते आधारवर जातात. कुठल्या आधारला कुठली बँक जोडलेली आहे याची एक नोंद एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट्स संस्थेकडे असते, आणि एका वेळी एकाच बँकेची नोंद चालू राहते. बँकेत केवायसीसाठी आधार दिलं म्हणजे ही नोंद झाली असं नाही. ‘आधार लिंक आहे’ असं बँकेतला कर्मचारी खरंच सांगत असतो, पण तो केवायसीबद्दल बोलतोय. तुम्हाला हवं ते डीबीटीसाठीचं (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठीचं) सीडिंग, म्हणजे एनपीसीआयकडची ही नोंद. त्याचा वेगळा संमतीचा फॉर्म असतो, तो भरून पोच घ्यायची. दुसरा घोळ असा की मुलाने मधल्या काळात मोबाइल दुकानात पेमेंट बँकेचं खातं उघडलं की सीडिंग तिकडे सरकतं आणि शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात जाऊन बसते. ‘पैसे आले नाहीत’ असं म्हणणाऱ्या मुलाचं पहिलं काम : यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून बँक सीडिंगची स्थिती बघणं. तिथे बँकेचं नाव, चालू की बंद आणि तारीख दिसते. खातं दिसतंय पण वर्षभर व्यवहार नाही, किंवा अल्पवयीन असताना उघडलेलं आहे आणि त्यावर मर्यादा आहेत, तर शाखेत जाऊन ते नियमित करून घ्या. हे सगळं फॉर्म भरण्याआधी तपासलं की नंतरच्या निम्म्या चकरा वाचतात.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत आणखी एक बारकावा आहे. २०२१ पासून या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. म्हणजे रक्कम दोन तुकड्यांत येते. खात्यात आलेल्या पैशांपैकी कॉलेजच्या फीचा भाग कॉलेजला भरायचा असतो. मुलाला हे माहीत नसेल तर घरात ते पैसे खर्च होतात आणि वर्षाच्या शेवटी कॉलेज गुणपत्रिका अडवून धरतं. आधीच सांगून ठेवा.

फॉर्म भरताना मोबाइल नंबर आणि ईमेल मुलाचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. युजर आयडी आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. पासवर्ड विसरला म्हणून दुसरं खातं काढायचं नाही, एकाच मुलाच्या दोन प्रोफाइल झाल्या की दोन्ही अडकतात. कागदपत्रांची फाइल १५ ते २५६ केबीच्या दरम्यान लागते. मोबाइलवर काढलेला फोटो आक्रसवताना दाखल्यावरचा क्रमांक वाचता येतोय ना, ते मोठं करून पाहा. अभ्यासक्रमाच्या पानावर मागची सगळी वर्षंही भरावी लागतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलाने फक्त चालू वर्ष टाकलं की अर्ज परत येतो. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्याने प्रवेशाचं वर्ष दुसरं दाखवायचं, पहिलं नाही. मधे खंड पडला असेल तर तो लपवू नका, गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडा. राजर्षी शाहू योजनेत शिक्षणात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. कॅपचा अर्ज क्रमांक अलॉटमेंट लेटरवरून बघूनच टाका.

अर्ज सादर झाला म्हणजे काम झालं, असं समजू नका. तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, तिथून प्राचार्यांच्या, मग विभागाच्या कार्यालयात. बहुतेक अर्ज पहिल्या टप्प्यावरच थांबलेले असतात, कारण मुलाने झेरॉक्सचा संच कॉलेजात दिलेलाच नसतो. सादर केल्यावर आठवडाभरात छापील प्रत आणि संच देऊन पोच घ्यायची, आणि दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघायची. त्रुटी काढून परत आलेल्या अर्जाला दुरुस्तीची मुदत असते, एसएमएसवर विसंबू नका. कायमचा नाकारलेला अर्ज मात्र दुरुस्त होत नाही. तिथे कार्यालयाला लेखी कारण विचारायचं. मुदतवाढ जवळपास दरवर्षी होते, म्हणून मुलं निवांत राहतात. मुदतवाढीत अर्ज भरता येतो, पण निधी वाटपात तो मागे पडतो.

केंद्राच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात. तिथे आधी एकदाच नोंदणी करून चेहरा पडताळणीनंतर १४ अंकी ओटीआर (वन टाइम रजिस्ट्रेशन) क्रमांक घ्यावा लागतो. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीत पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,००० रुपये मिळतात, उत्पन्नमर्यादा ४.५ लाख. अट ८० पर्सेंटाइलची आहे, ८० टक्क्यांची नाही. आपल्या मंडळाच्या त्या शाखेतल्या वरच्या २० टक्क्यांत मूल बसतं का, हे बघायचं. तंत्रशिक्षणातल्या मुलींसाठी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) प्रगती योजना वर्षाला ५०,००० देते, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना सक्षम योजना तेवढेच देते. दोन्हींना उत्पन्न ८ लाखांच्या आत.

इथे निवड करावी लागते, कारण एका वर्षात शिष्यवृत्तीचे किंवा फी-सवलतीचे असे दोन सरकारी लाभ घेता येत नाहीत, आणि घेतले तर वसुली होते. समजा खुल्या प्रवर्गातला मुलगा खासगी अभियांत्रिकीला आहे आणि शिक्षण शुल्क ९०,००० आहे. राजर्षी शाहू योजनेत त्याला ४५,००० सुटतात, मग १२,००० च्या मागे जाण्यात अर्थ नाही. तोच अनुदानित कॉलेजात बी.एस्सी.ला असता तर उलट. ईडब्ल्यूएस मुलीला खासगी कॉलेजात पूर्ण माफी जास्त फायद्याची ठरते. शासकीय कॉलेजात शिक्षण शुल्क ५०,००० च्या खाली असेल तर प्रगती जास्त देते. पण प्रगती गुणवत्तायादीवर मिळते, म्हणून तिच्या भरवशावर महाडीबीटीची मुदत घालवू नका. एक मंजूर झाली की दुसरी लेखी सोडायची.

खासगी शिष्यवृत्त्यांचा साधारण सरकारीशी संघर्ष नसतो, पण प्रत्येकीची अट वाचा. रिलायन्स फाउंडेशनची पदवीच्या पहिल्या वर्षासाठी आहे, पूर्ण पदवीत मिळून २ लाखांपर्यंत, ऑनलाइन चाचणीसह. लीला पूनावाला फाउंडेशन मुलींसाठी ठरावीक जिल्ह्यांत काम करतं. पुण्यात शिकायला जाणाऱ्या गरजू मुलांसाठी १९५५ पासून चालणारी विद्यार्थी साहाय्यक समिती राहण्या-जेवणाची सोय करते. अशा अर्जांत ‘आमची परिस्थिती हलाखीची आहे’ एवढं लिहून भागत नाही. आकडे लिहायला लावा : वर्षाचा खर्च इतका, सरकारी सवलत इतकी, घरून इतके, तूट इतकी. मुलाखतीत हाच कागद विचारला जातो. आणि जी शिष्यवृत्ती अर्जासाठी ‘प्रोसेसिंग फी’ मागते किंवा व्हॉट्सअॅपवर अॅपची फाइल पाठवते, ती शिष्यवृत्ती नव्हे.

एवढं करून तूट राहिलीच तर शैक्षणिक कर्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाला सवलतीच्या काळात, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधी, व्याजदरात ३ टक्के सूट मिळते. संस्था यादीत आहे का, हे आधी बघा. कर्ज पहिल्या वर्षीच पूर्ण अभ्यासक्रमाचं मंजूर करून घ्यायचं आणि उचल लागेल तेवढीच करायची.

नूतनीकरणाला दरवर्षी पुन्हा अर्ज लागतो, आपोआप काही होत नाही. मागच्या वर्षाची गुणपत्रिका, नव्या वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि हजेरी लागते. केंद्रीय क्षेत्र योजनेत ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी हवी. एटीकेटीने, म्हणजे काही विषय राहूनही, पुढच्या वर्षात गेलेला चालतो, वर्ष वाया गेलेल्याला त्या वर्षाचं मिळत नाही. आणि बी.ए. अर्धवट सोडून बी.एस्सी.ला, किंवा एक पदवी झाल्यावर त्याच पातळीची दुसरी करायला जाणाऱ्या मुलाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती बंद होते. शाखा बदलण्याचा विचार करणाऱ्याला हे प्रवेश रद्द करण्याआधी सांगा.